बारा पुरेत

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलंबसमध्ये इंग्रजी 'एम' अक्षराला थारा नसतो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात इमारतींच्या नावांत, पाट्यांवर, फलकांवर जिथे म्हणून 'एम' दिसेल तिथे पोरं लाल चिकटपट्टीची फुली मारून ठेवतात. एम म्हणजे मिशिगन, आणि त्या शनिवारी मिशिगनशी सामना असतो. नव्याने आलेल्याला हा पोरखेळ वाटतो. पोरखेळ आहेच, फक्त त्यात सत्तरीची पोरंही असतात. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक चिमुकली पँट मिळते, साखळीत अडकवण्याएवढी. 1934 पासूनचा रिवाज आहे. दुसऱ्या कुठल्याही विजयाला ती मिळत नाही, राष्ट्रीय विजेतेपदालासुद्धा नाही.

नोकरीसाठी या गावात आलो तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गॅरेजमधल्या टीव्हीसमोर बसवून शिकवलं. (आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, आता तेही या हाकेला ओ देतात.) ते याच विद्यापीठाचे, आणि मिशिगनच्या सामन्याच्या दिवशी त्यांच्याशी दुसऱ्या विषयावर बोलायची सोय नाही. त्यामुळे कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांत, 12 संघ असावेत, 16 असावेत की 24, या वादात मी तटस्थ आहे असा आव आणत नाही. माझं मत याच गॅरेजमध्ये घडलं आहे.

30 नोव्हेंबर 2024. त्या वर्षीचा मिशिगनचा संघ बेताचाच, 11 पैकी 5 सामने हरून आलेला. ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकणार असा सट्टेवाल्यांचा हिशेब होता. घरचं मैदान, लाखाहून जास्त माणसं. आणि हरले, 13-10 ने. शेवटचं मिनिट चालू असताना मिशिगनने जवळून एक फील्ड गोल (लाथेने मिळवलेले तीन गुण) मारला आणि खेळ आटोपला. मग मैदानाच्या मधोमध मिशिगनचा झेंडा रोवण्यावरून हाणामारी, पोलिसांचे मिरचीचे फवारे. लागोपाठ चौथ्या वर्षी मिशिगनकडून हार. आजोबांनी टीव्ही बंद केला नाही, नुसता आवाज बंद केला आणि तसेच बसून राहिले.

पूर्वीच्या हिशेबाने ओहायो स्टेटचा मोसम तिथेच संपला असता. दोन पराभव, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यातही जागा नाही, मग राष्ट्रीय विजेतेपदाचं नाव कशाला काढायचं? पण ते 12 संघांच्या प्लेऑफचं पहिलंच वर्ष होतं. ओहायो स्टेट आठव्या क्रमांकावर आत शिरलं, टेनेसी, ओरेगन आणि टेक्ससला हरवलं, आणि 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोट्र डेमला 34-23 ने नमवून देशाचं विजेतं झालं.

गावात आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आम्हीही हॉर्न वाजवत फिरलो. पण त्यानंतर कित्येक महिने दुकानात, न्हाव्याकडे, ऑफिसात विषय निघाला की आधी अटलांटा आणि लगेच त्याच्या पाठोपाठ 'पण ते 13-10...' हे यायचंच. तिकडे मिशिगनवाले छाती फुगवून सांगत होते की देशाच्या विजेत्यांना आम्ही त्यांच्या घरात जाऊन हरवलं. बरोबरच होतं त्यांचं. फक्त त्या हरवण्याने ओहायो स्टेटचं शेवटी काही बिघडलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझा मुद्दा याच्याभोवतीच फिरतो, पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. इतक्या मोठ्या खेळाला आपला विजेता ठरवायची धड रीतच नव्हती, हे भारतातल्या मित्रांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. वरच्या विभागात 2025 च्या मोसमात 136 संघ होते आणि प्रत्येकाचे नियमित सामने 12. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. मग 1936 पासून एपी या वृत्तसंस्थेच्या यादीसाठी पत्रकार मतं देत, 1950 पासून प्रशिक्षकांची आणखी एक यादी आली. दोन याद्यांत दोन विजेते निघाले तर दोघांनीही खुशाल मिरवायचं. मोसमाच्या शेवटी बाऊल सामने, म्हणजे ठरलेल्या गावी होणारे मानाचे एकेक सामने. पॅसाडेनाचा रोझ बाऊल सगळ्यांत जुना, 1902 चा, मग शुगर, ऑरेंज, कॉटन. तिथे कोण खेळणार हे गुणवत्तेइतकंच मानापानावर ठरे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाच्या पाच गणपतींचा क्रम जसा ठरलेला, तसा रोझ बाऊल म्हणजे बिग टेन (ओहायो स्टेट आणि मिशिगन यातलेच) आणि पश्चिम किनारा या दोन कॉन्फरन्सच्या विजेत्यांचा मान. तिथे पहिला आणि दुसरा क्रमांक समोरासमोर येतात की नाही, याची कुणाला फिकीर नव्हती.

1998 मध्ये बीसीएस नावाची पद्धत आली. मतं आणि कॉम्प्युटरची गणितं एकत्र करून दोन संघ निवडायचे आणि त्यांचा सामना लावायचा. 2003 मध्ये तरीही दोन विजेते निघाले, एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया). 2004 मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं. 2011 च्या मोसमात अंतिम फेरीला एलएसयू आणि अलाबामा, म्हणजे एकाच कॉन्फरन्समधले, आधी एकदा खेळून झालेले दोन संघ आले, तेव्हा लोकांचा संयम सुटला. 2014 पासून चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला. संघ निवडायला 13 जणांची समिती, तिच्या बैठका टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावच्या एका हॉटेलात.

चार ठेवले की पाचवा रडणार, हे उघडच होतं. पहिल्याच वर्षी टीसीयू हे टेक्ससमधलं विद्यापीठ शेवटच्या यादीआधी तिसऱ्या क्रमांकावर होतं. त्यांनी शेवटचा सामना 55-3 असा जिंकला आणि यादी आली तेव्हा ते सहावे होते. 2017 मध्ये यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा) अपराजित राहूनही बाहेर. त्यांनी स्वतःलाच राष्ट्रीय विजेते घोषित करून मिरवणूक काढली. मला हा प्रकार फार आवडला होता.

पण खरा घोळ 2023 चा. फ्लोरिडा स्टेटचा संघ 13 सामने खेळून 13 जिंकलेला, आपल्या कॉन्फरन्सचा विजेता. नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्याच्याशिवायही ते पुढचे सामने जिंकले, ओढूनताणून का होईना. तरी समितीने 3 डिसेंबरला एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली आणि फ्लोरिडा स्टेटला पाचव्यावर बसवलं. कारण काय, तर क्वार्टरबॅक नसल्यामुळे आता हा संघ पूर्वीचा राहिला नाही. ट्रॅव्हिसने त्या दिवशी जे लिहिलं ते वाचून मला कसंतरीच झालं. माझा पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे तुम्हाला दिसलं असतं, असा त्याचा आशय होता. विशी ओलांडलेला तो मुलगा समितीचा निकाल स्वतःच्या मोडलेल्या पायावर घेत होता.

मी हे तावातावाने सांगत होतो तेव्हा आजोबा हसले. म्हणाले, ''हे काय नवीन आहे? आम्ही असेच रोझ बाऊलला गेलो होतो.'' ती गोष्ट 1973 ची. ओहायो स्टेट आणि मिशिगन दोघेही अपराजित, मिशिगनच्या गावी ॲन आर्बरला सामना, 10-10 अशी बरोबरी. तेव्हा बिग टेनमधून एकच संघ रोझ बाऊलला जायचा आणि दुसऱ्याला कुठल्याही बाऊलमध्ये खेळायची परवानगीच नव्हती. मग दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्समधल्या क्रीडा संचालकांनी मतदान करून ओहायो स्टेटला निवडलं, 6 विरुद्ध 4. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेनिस फ्रँकलिन याचं सामन्यात गळपट्टीचं हाड मोडलं होतं, आणि त्याचा मतदानावर परिणाम झाला असं मिशिगनवाले आजही म्हणतात. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं. बरोबर 50 वर्षांनी तोच युक्तिवाद, फक्त कॉलरबोनच्या जागी पाय.

त्यामुळे चारावरून 12 वर जाण्याला माझा विरोध नव्हता. मैदानात एकही सामना न हरलेल्याला बंद खोलीत हरवायचं नाही, एवढी तरी सोय व्हायलाच हवी होती, आणि 12 ने ती बऱ्यापैकी झाली. शिवाय एक गोष्ट अशी मिळाली जिची मी कल्पनाही केली नव्हती. पहिल्या चार संघांना पहिल्या फेरीतून सूट, आणि बाकी आठांचे चार सामने त्यांतल्या वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरच्या मैदानावर. 21 डिसेंबर 2024 च्या रात्री टेनेसी इथे आलं. थंडी शून्याखाली. ओठ नीट हलत नव्हते, कॉफी कपात ओतल्या ओतल्या थंड होत होती. दक्षिणेतली हजारो माणसं नारिंगी टोप्या घालून एवढ्या थंडीत आली होती आणि स्टँडचे पट्टेच्या पट्टे नारिंगी झाले होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या बापलेकांनी पायाखाली खोक्यांचा पुठ्ठा अंथरला होता, कारण सिमेंटचा गारवा बुटातून वर चढतो. सामना एकतर्फी झाला, 42-17, पण त्याचं कुणाला दुःख नव्हतं. बाऊल सामन्यांत हे सुख नाही. कॅलिफोर्निया, टेक्सस, जॉर्जिया असं तीन आठवड्यांत विमानाने फिरायला माणसाकडे एक तर बक्कळ पैसा हवा किंवा नोकरी नको.

माझा भाचा टेम्पीला ॲरिझोना स्टेटमध्ये एमएस करत होता. मोसमाआधी त्यांच्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या अंदाजात त्यांचा संघ शेवटचा, सोळावा धरला होता. तोच संघ कॉन्फरन्स जिंकला, पहिल्या चारांत बसला आणि 1 जानेवारी 2025 ला पीच बाऊलमध्ये टेक्ससला दोन ओव्हरटाइमपर्यंत खेळवून 39-31 ने हरला. भाच्याचा रात्री फोन. नियम त्याला माझ्याहून कमी कळतात, पण घसा पूर्ण बसला होता.

''मामा, तुमच्या ओहायोला काय, दरवर्षी ताटात वाढलेलंच असतं. आमच्यासारख्यांना हे एकदा मिळालं. तुझ्या जुन्या पद्धतीत आम्हाला कुणी विचारलं तरी असतं का?''

नसतं विचारलं. मी त्याला तसं सांगितलंही. चारांच्या प्लेऑफमध्ये ॲरिझोना स्टेट दारापर्यंतही आलं नसतं.

पुढच्या मोसमाने भाच्याची बाजू आणखी भक्कम केली. 2025 मध्ये मायामी दोन सामने हरून, अगदी शेवटच्या क्षणी नोट्र डेमला मागे टाकून दहाव्या क्रमांकाने आत आलं. टेक्सस ए अँड एमला 10-3 ने हरवलं, मग आमच्या ओहायो स्टेटला 24-14 ने, मग ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला), आणि थेट अंतिम फेरीत. 19 जानेवारी 2026 ला इंडियानाने त्यांना 27-21 असं रोखलं. अर्ध्या तालुक्याला ज्याची दया यायची तो हा इंडियानाचा संघ, 16 पैकी 16 सामने जिंकून विजेता झाला. इंडियाना कुठल्याही पद्धतीत आत आलंच असतं, ते पहिल्या क्रमांकावर होतं. पण मायामी फक्त 12 मुळे आत आलं आणि विजेतेपदापासून एका टचडाउनवर थांबलं. दहावा संघ भरतीचा असतो, असं आता कुणी म्हणू नये.

मग सोळावा किंवा चोविसावा संघ तरी का नको? माझ्या मते फरक रडण्याच्या जातीत पडतो. 2023 मध्ये बाहेर राहिलेला संघ 13-0 होता. 2025 मध्ये आरडाओरडा झाला तो नोट्र डेमसाठी. ते 10-2, आणि त्या दोन पराभवांतला एक खुद्द मायामीकडूनच. रागाने त्यांनी बाऊल सामनाही नाकारला. त्यांची तक्रार मला कळते, पण फ्लोरिडा स्टेटच्या शेजारी ती ठेवता येत नाही. 24 केले तर पंचविसावा म्हणून भांडायला जो येईल तो चार सामने हरलेला असेल, आणि तोही तितक्याच जोरात ओरडेल. टीव्हीवरच्या मंडळींना मंगळवारच्या क्रमवारीच्या कार्यक्रमासाठी तेवढं पुरे आहे.

आणि हे होताना खर्ची पडतो तो नोव्हेंबरातला शनिवार. याचा पुरावा शोधायला मला लांब जावं लागलं नाही. 29 नोव्हेंबर 2025 ला ओहायो स्टेटने अखेर मिशिगनला हरवलं, 27-9. सोन्याच्या पँटी मिळाल्या. आठवड्यानंतर बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाशी गाठ. दोघेही अपराजित, देशातले पहिला आणि दुसरा. हरले ते 13-10 नेच! वर्षभरापूर्वी ज्या आकड्याने गाव सुतकात गेलं होतं, तोच आकडा. या वेळी आजोबांनी आवाजसुद्धा बंद केला नाही. ''असू दे, तरी पहिली फेरी सुटतेच,'' म्हणाले आणि फ्रिजकडे गेले. खरंच होतं ते. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर, पहिल्या फेरीतून सूट कायम. देशातले सर्वोत्तम दोन संघ भिडले आणि हरणाऱ्याचं नुकसान जवळजवळ शून्य. असा सामना माणूस बघतो, पण नखं खात बघत नाही. 24 झाले तर मिशिगनच्या सामन्याचीही हीच गत. दोन्ही संघ आधीच आत, राहील तो फक्त क्रमांकाचा प्रश्न.

एक पायरी खालच्या विभागात 24 संघांचा प्लेऑफ 2013 पासून चाललाच आहे आणि छान चालतो, हे मला मान्य आहे. पण तिथे पैशाचा असा लोंढा नाही. वरच्या विभागात ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने 2024 मध्ये प्लेऑफ दाखवण्याच्या हक्कांसाठी सहा वर्षांचे 7.8 अब्ज डॉलर मोजले. 2026 पासून त्यातले जवळपास 29 टक्के बिग टेनला, तेवढेच एसईसी या दक्षिणेतल्या बड्या कॉन्फरन्सला, आणि बाकीच्यांनी उरलेलं वाटून घ्यायचं. पुढे किती संघ ठेवायचे हे ठरवण्याची चावीही याच दोघांच्या हातात. बिग टेनने एकदा असाही प्रस्ताव पुढे केला होता की 16 संघ घ्या, पण आमच्या चार जागा आणि एसईसीच्या चार जागा आधीच पक्क्या करा. राखीव जागा, आणि त्याही गावातल्या सगळ्यांत श्रीमंत दोन वाड्यांना! न्यायाची भाषा करणाऱ्यांचं पितळ मला तिथे उघडं पडलेलं दिसलं.

मुलांचे हाल होतात, हा आक्षेप मी पूर्वी जोरात घ्यायचो, आता जरा हळू घेतो. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, प्रत्येक विद्यापीठ वर्षाला एकूण दोन कोटी डॉलरच्या आसपास. शरीर मात्र तेच आहे. ओहायो स्टेट 2024 मध्ये 16 सामने खेळलं, इंडियाना 2025 मध्ये 16. व्यावसायिक एनएफएलचा नियमित मोसम 17 सामन्यांचा असतो. या पोरांच्या मध्ये सत्र परीक्षाही येतात, निदान कागदोपत्री.

त्याहून मोठी पंचाईत कॅलेंडरची आहे, आणि तिच्याबद्दल संघ वाढवणारे फारसं बोलत नाहीत. खेळाडूंनी विद्यापीठ बदलायची मुदत प्लेऑफ चालू असतानाच येते. 2024 मध्ये पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक प्लेऑफच्या तोंडावर दुसरीकडे निघून गेला, थांबला असता तर पुढच्या जागा भरून गेल्या असत्या. 2025 मध्ये ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन 11-1 असा संघ घडवून प्लेऑफच्या आधीच एलएसयूत रुजू झाले. ओल मिस त्यांच्याशिवाय उपांत्य फेरीपर्यंत गेलं, ही त्या मुलांची कमाल. एका जागी वऱ्हाड जेवतंय आणि नवरदेवाचं दुसरीकडे साखरपुड्याचं बोलणं चाललंय, असला कारभार. त्यात आणखी एक फेरी घुसवायची म्हणजे हाच गोंधळ आणखी आठवडाभर लांबवायचा.

माझ्या हातात असतं तर मी 12 च ठेवले असते आणि उपांत्यपूर्व सामनेसुद्धा विद्यापीठांच्या मैदानांवर आणले असते. पॅसाडेनाच्या सूर्यास्ताचं कौतुक मलाही आहे, पण पहिल्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी खेळायला न देणारा हा एकच प्लेऑफ मी बघतो आहे. 2024 मध्ये पहिल्या फेरीतून सूट मिळालेले चारही संघ पुढच्याच सामन्यात हरले. नोव्हेंबरात जिंकण्याचं बक्षीस म्हणून तीन आठवडे बसून राहायचं आणि मग परक्या गावी खेळायचं, याला बक्षीस म्हणवत नाही. घरचा सामना जिंकण्यावर अवलंबून ठेवा, मग 13-10 ला पुन्हा थोडं तरी वजन येईल. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, ''म्हणजे आम्ही उन्हातून निघून तुमच्या बर्फात यायचं.'' यायचंच. नाहीतर जास्त जिंकायचं.

जानेवारी 2026 मध्ये यावर निर्णय व्हायचा होता. एसईसी 16 वर अडून, बिग टेनला 24 हवे. दोघांचं जमलं नाही, म्हणून 2026 च्या मोसमाला 12 कायम राहिले. तत्त्वाबित्त्वाने नाही, निव्वळ आडमुठेपणाने. मला चालतंय. या दोघांचं भांडण इतक्यात मिटू नये एवढंच मागणं आहे.